तीस इंचांचा खर्ज

शॉर्ट-स्केल बेस गिटारविषयी बोलू लागलो की पहिली दहा मिनिटे शब्दाचा घोळ निस्तरण्यात जातात. गाण्याबजावण्याच्या मंडळींत स्केल म्हणजे पट्टी. काळी एक, पांढरी चार असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे स्केल आखूड कशी असेल, हा प्रश्न मला कोल्हापुरातल्या अनुभवी हार्मोनियमवादकांनीही विचारला आहे. बेसच्या बाबतीत स्केल म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, नटापासून (दांडीच्या डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतची (बुडाशी तार टेकते तो आधार). बहुतेक बेस गिटारींत ती ३४ इंच असते, शॉर्ट-स्केलमध्ये साधारण ३० इंच, आणि या चार इंचांनी वाद्याचा स्वभाव, वादकाचा हात आणि अँपची, म्हणजे अँप्लिफायरची, मांडणी असे सारेच बदलते. गेली चौदा वर्षे मी भावगीते, अभंग आणि जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत बेस वाजवतो आहे. त्यांतली पहिली नऊ ३४ इंची वाद्यावर गेली आणि नंतरची पाच ३० इंचीवर. या पाच वर्षांत हाताला आणि कानाला जे कळले ते सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

मी ३० इंचांकडे वळलो त्याचे खरे कारण आपल्या गायकांच्या पट्ट्या. बेसच्या चार सुट्या तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावलेल्या असतात, म्हणजे पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. गिटारवर रचलेली पाश्चात्त्य गाणी पुष्कळदा याच सुरांतली असतात, त्यामुळे तिथल्या बेसवादकाच्या डाव्या हाताला सुटी तार वाजताना अधूनमधून विसावा मिळतो. आमचे गायक काळी एक किंवा काळी दोन सांगतात, गायिका काळी चार किंवा काळी पाच सांगतात, आणि तिथे सुटी तार ना षड्जाच्या कामाची ना पंचमाच्या. काळी पाचमध्ये षड्ज ए तारेच्या पहिल्या पडद्यावर, पंचम ई तारेच्या पहिल्या पडद्यावर आणि मध्यम डी तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो. काळी एकमध्ये षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर आणि पंचम ई तारेच्या चौथ्या पडद्यावर. म्हणजे तीन तासांच्या कार्यक्रमात डावा पंजा जवळजवळ सारा वेळ पहिल्या चार पडद्यांत अडकून पडतो, आणि पडद्यांमधले अंतर सर्वांत जास्त असते ते नेमके तिथेच.

हे अंतर मोजून पाहण्यासारखे आहे. नटापासून पहिल्या पडद्यापर्यंत ३४ इंची वाद्यावर ४८.५ मिलिमीटर होतात, ३० इंचीवर ४२.८. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत जायचे तर लांब वाद्यावर सुमारे १३० मिलिमीटर आणि आखूड वाद्यावर सुमारे ११४. करंगळीला दीड सेंटिमीटर कमी ताणावे लागणे ही कागदावर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, पण चाळिशीनंतर, अभंगाच्या तिसऱ्या अंतऱ्यात, त्या दीड सेंटिमीटरची किंमत मनगटाला कळते. लांब वाद्यावर मी डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत वापरत असे, ज्यात पहिले बोट, दुसरे बोट आणि करंगळी एवढ्यांवरच काम चालते आणि पंजा सारखा सरकवावा लागतो. आता पहिल्या पडद्यापासूनच एका पडद्याला एक बोट बसते. अंगठ्याच्या बुडाशी उठणारी कळ, जी मी वर्षानुवर्षे वाद्याचा भागच समजत होतो, ती वाद्य बदलल्यावर दोन महिन्यांत थांबली.

त्या चौथ्या पडद्यावरच्या षड्जाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९.३ हर्ट्झवर असते, आणि ए तारेचा चौथा पडदाही बरोबर ६९.३ हर्ट्झवर वाजतो. म्हणजे आपल्या कानाने शतकानुशतके ज्याला खर्ज मानले, तो बेसच्या तळाशी नसून थोडा वर, हाताच्या सोयीच्या जागी बसलेला आहे. बेसची सुटी ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, खर्जाच्या कितीतरी खाली. भावगीताच्या साथीला तिथवर उतरण्याची गरज फार थोड्या वेळा पडते, हे एकदा मनाशी पक्के झाले की शॉर्ट-स्केलविरुद्ध दिली जाणारी पुष्कळशी कारणे आपोआप गळून पडतात.

त्यांतले सर्वांत चिवट कारण म्हणजे हे नवशिक्यांचे वाद्य आहे, हा समज. त्याला थोडा इतिहासाचा आधारही आहे. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो ३४ इंची, आणि पुढे तीच लांबी रूढ झाली. त्याच कंपनीने १९६६ मध्ये मस्टँग बेस आणला तो ३० इंची, आणि मस्टँगची सारी मालिका विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकली जात होती. पण तेवढ्यावरून निकाल देणे बरोबर नाही. गिब्सनचा १९५३ चा पहिला इलेक्ट्रिक बेस साडेतीस इंची होता. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस ३० इंची आहे. क्रीम या रॉक बँडमधल्या जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३ हा साडेतीस इंची, आणि स्टॅन्ली क्लार्क ज्या अलेंबिक बेसवर इतका वेगाने वाजवतो तोही आखूडच. या तिघांना कोणी नवशिके म्हणणार नाही, आणि तिघांचे आवाज एकमेकांसारखेही नाहीत. म्हणून शॉर्ट-स्केलचा आवाज असाच असतो, असे ठामपणे सांगणाऱ्याकडे मी जरा सावधपणे पाहतो.

तरीही काही गोष्टी लांबी बदलल्यावर बदलतातच, कारण त्या तारेच्या आहेत. तीच तार, तोच स्वर, फक्त लांबी कमी, असे केले तर तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ३४ वरून ३० वर आलो की ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. तार बोटाखाली मऊ लागते, मींड सहज निघते, स्वराला एक गोलाई येते. पण याच ढिलाईचे तोटेही आहेत. खऱ्या तारेला जाडी आणि ताठपणा असतो, त्यामुळे तिचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे स्वर, गणिताने सांगितलेल्या जागेपेक्षा किंचित चढे पडतात, आणि तीच तार ३० इंचांवर बसवली की हा दोष साधारण दीडपटीहून अधिक वाढतो. ई तार आखूड वाद्यावर धूसर वाटते, तिचा स्वर सुटा कळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिचे मूळ इथे आहे. माझ्या वाद्यावर ई तारेचा सॅडल मागे पार टोकाला गेला, तेव्हा कुठे बाराव्या पडद्यावरचा स्वर सुरात आला. ई तार आणखी उतरवून डीमध्ये लावणे मला या वाद्यावर पटत नाही, आणि पाचवी, बी स्वराची तार ३० इंचांवर बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तार मऊ झाली की उजव्या हाताने जोर कमी करायला हवा. तो करायला मला सहा महिने लागले. तोपर्यंत तार पडद्यांवर आपटून करकरत होती आणि मी दोष नटाला देत होतो. वाद्य घेऊन मिरजेला एका वाद्यकारागिराकडे गेलो. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर सतारी आणि तानपुरे बनवणारी एवढी मोठी पेठ असताना बेसवाल्यांनी तिथे जाऊ नये याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांनी वाद्य मांडीवर आडवे घेतले, ई तार दोनदा छेडली, कान दांडीजवळ नेला आणि म्हणाले, "नट बरोबर आहे. तुम्ही तार मारताय. तानपुऱ्याची तार मारून बघा, जवारी बोलेल का?" मग त्यांनी नटाच्या खाचा नुसत्या बारीक कानशीने गुळगुळीत करून दिल्या, पैसे घ्यायला तयार होईनात. त्या दिवसापासून मी तार बोटाच्या पेराने ढकलल्यासारखी वाजवतो, आणि करकर गेली.

तारांची निवड ही शॉर्ट-स्केलची अर्धी लढाई आहे. मी फ्लॅटवाउंड वापरतो, म्हणजे ज्यांच्या बाहेरचा वेढा चपट्या पट्टीचा असतो आणि स्पर्श गुळगुळीत लागतो. त्या बहुधा त्याच जाडीच्या राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या) तारेपेक्षा जास्त ताण धरतात, त्यामुळे आखूड लांबीने गमावलेला ताण थोडाफार परत मिळतो. शिवाय पडद्यावरून पडद्यावर सरकताना बोटांची चर्रचर्र ऐकू येत नाही, जी हार्मोनियम आणि बासरीच्या साथीत फार खटकते. शॉर्ट-स्केलचा सेट इथल्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. सुरुवातीला मी लांब वाद्याच्या तारा कापून बसवल्या आणि एक महाग सेट वाया घालवला. तार खुंटीजवळ काटकोनात वाकवण्याआधीच कापली, आतल्या गाभ्यावरचा वेढा सैल झाला आणि नवी कोरी ए तार पहिल्याच संध्याकाळी मेल्यासारखी ठप्प वाजू लागली. आधी वाकवावी, मग कापावी. आणि जमल्यास कापूच नये, कारण लांब सेटचा पूर्ण जाडीचा वेढा आखूड वाद्याच्या खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथे तुटण्याची भीती असते. ब्रिजजवळ तारांखाली मी बोटभर रुंद स्पंजची पट्टी सरकवून ठेवतो. तिने आस थोडी तुटते, पण प्रत्येक स्वराचा दाणा सुटा होतो, आणि केरवा ठायीत चालला असताना तेच हवे असते.

आखूड दांडीच्या काही वाद्यांचा तोल दांडीकडे जातो आणि सोडले की डोके खाली जाते. माझेही जात असे. डाव्या हाताने अर्धे वजन उचलत वाजवणे म्हणजे पडदे जवळ आल्याचा फायदा घालवणे. नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो. मी चप्पल लाईनमध्ये एका कारागिराकडे साडेतीन इंच रुंद चामड्याचा पट्टा करायला दिला. त्यांनी कातड्याची पाठ वर-खाली हात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मागची बाजू घासायला सांगू नका बघा. खरखरीत हाय म्हणून धरतंय." त्या खरखरीत बाजूने सदऱ्याला धरले आणि वाद्य आडवे राहू लागले. पट्ट्याला अजून ताज्या चामड्याचा वास येतो आणि घामाने तो खांद्याच्या आकारात बसला आहे.

आता अँपकडे येतो, कारण मला मुख्यतः लिहायचे आहे ते त्याविषयी. आखूड वाद्य हाती घेतल्यावर पहिल्या वर्षी मी तेच केले जे जवळजवळ सगळे करतात. आवाज पातळ पडेल या भीतीने अँपचा बेसचा नॉब उजवीकडे फिरवला. एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात गायिका म्हणाल्या, "तुम्ही वाजवताय हे कळतंय हो, पण काय वाजवताय ते कळत नाही." त्या वाक्याने मी घरी येऊन सगळे मांडून बसलो. आखूड तारेत तळाचा घुमारा मुळातच भरपूर असतो. उणीव असते ती वरच्या स्वयंभू स्वरांची, ज्यांच्यामुळे कानाला स्वराची जागा कळते. मी जे जास्त होते त्यात आणखी भर घालत होतो. आपला कान इतक्या खालच्या स्वरांना मुळात मंद असतो, ई तारेचा स्वर आपण ओळखतो तो पुष्कळसा तिच्या ८२ आणि १२४ हर्ट्झच्या वरच्या भावंडांवरून. मूळ ४१ हर्ट्झ स्पीकरने नीट दिला नाही तरी कान तो मनाने पूर्ण करून घेतो.

म्हणून आता माझी मांडणी उलट आहे. अँपच्या आधी हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे कंप अडवणारी गाळणी, ४५ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खाली जे उरते ते बोटाचा धक्का, मंचाची थरथर आणि तारेवर हात ठेवल्याची धप्प. ई तारेच्या तळाचे एक-दोन मूळ स्वर सोडले तर स्वर त्यात नसतो, पण स्पीकरचा पडदा मात्र त्यासाठी पुढे-मागे हेलकावत राहतो आणि अँपची ताकद तिथेच संपते. बेसचा नॉब मधोमध किंवा किंचित डावीकडे. मग ७०० ते ८०० हर्ट्झच्या जवळपास थोडी उचल, जिथे बोट तारेवरून सुटल्याचा आवाज असतो. एकट्याने खोलीत वाजवताना हा आवाज रुक्ष वाटतो, मान्य आहे. तबला, पेटी आणि दोन आवाज त्यात आले की तोच बरोबर जागी बसतो. एकट्याने गोड लागणारा बेस कार्यक्रमात हरवतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता घरी नॉब लावतच नाही.

साउंडवाल्यांशी बोलताना हेच पुन्हा सांगावे लागते. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या मोठ्या यंत्रणेला सरसकट डॉल्बी म्हणतात, आणि बेस म्हणजे छातीत धडकणारा ठोका अशी अनेकांची समजूत त्या आवाजावर घडलेली आहे. माणसे कामाला चोख असतात, पण बेस गिटारची वायर हाती आली की ती १८ इंची सबवर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर, सोडण्याकडे त्यांचा हात आपोआप जातो. मी आधीच जाऊन विनंती करतो की सबमध्ये कमीत कमी द्या, मधल्या स्पीकरवर ठेवा. एकाने ऐकून घेतले, एक अंतरा तसा वाजवून पाहिला आणि म्हणाला, "सर, ह्यात तर सूर ऐकू यायला लागला की." मला याहून मोठी पावती नको.

यंत्रसामग्रीविषयी थोडे. पूर्वी माझ्याकडे १५ इंची स्पीकरचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) होता, तिसाहून अधिक किलोचा. दोघांनी धरून तो मंगल कार्यालयाच्या जिन्यावर चढवायचा आणि मग अर्धा तास बोटे थरथरत राहायची. आता क्लास-डी हेड, म्हणजे स्पीकरविना नुसते हलके अँप, आहे, वजन अडीच किलोच्या आत, आणि १२ इंची, आठ ओहमचे एक कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे खोके. हेडवर ५०० वॅट लिहिले आहे, पण ते चार ओहमच्या भारावर. आठ ओहमवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. त्याने खिन्न होण्याचे कारण नाही. वॅट निम्मे झाले की आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटावा इतका फरक पडायला साधारण दहापट वॅट लागतात. वॅटच्या आकड्यापेक्षा कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ते किती डेसिबल देते, ते पाहणे जास्त उपयोगाचे. त्याच मापाचे दुसरे कॅबिनेट जोडले तर भार चार ओहम होतो, हेडची उरलेली ताकद मोकळी होते आणि हवा ढकलणारे क्षेत्रफळही दुप्पट होते. दोन्ही मिळून सहा डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते. एवढे लक्षात ठेवावे की हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच केबल लावावी, गिटारची नव्हे, दोघींची टोके सारखी दिसली तरी.

अँपचा इतिहास वाचताना मला अँपेगच्या बी-१५ चे फार आकर्षण वाटते. १९६० चे ते छोटे, १५ इंची एका स्पीकरचे अँप मुख्यतः स्टुडिओत नांदले, आणि त्याच कंपनीचे १९६९ चे एसव्हीटी, ३०० वॅटचे आणि आठ दहाइंची स्पीकरांच्या कॅबिनेटवर चालणारे, मोठ्या मैदानांसाठी जन्मले. लहान सभागृहात अभंगाला साथ करणाऱ्याने पहिल्याचा धडा गिरवावा, दुसऱ्याचा नव्हे, असे मला मनापासून वाटते.

हे सारे कुठे वाजवायचे, हा प्रश्न आमच्या गावात आता अधिकच बोचतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, आणि राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू गेल्यावर आमचे पुष्कळ कार्यक्रम मंगल कार्यालयांत, महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि उघड्या लॉनवर जाऊ लागले. तिथल्या लाकडी रंगमंचावर बेस कसा बसतो, ते पायांना ठाऊक झाले होते. आता प्रत्येक जागा नवी. फरशी, पत्र्याचे छत आणि भिंतीला भिंत असे कार्यालय असेल तर खालचा घुमारा विरतच नाही. अशा वेळी मी कॅबिनेट भिंतीपासून पुढे घेतो, कारण भिंत आणि कोपरा दोन्ही खर्ज फुगवतात, आणि ते लाकडी स्टुलावर ठेवून किंचित मागे कलवतो. पोकळ मंचाला थरथर जात नाही आणि स्पीकर माझ्या गुडघ्यांऐवजी कानाशी बोलतो.

बेसच्या लाटा लांब असतात म्हणून त्या दूर गेल्यावरच 'तयार होतात', असे पुष्कळांकडून ऐकले आहे. ई तारेची लाट सव्वाआठ मीटरची असते हे खरे, पण हेडफोनचा पडदा कानापासून बोटभर अंतरावर असूनही खर्ज नीट ऐकू येतो. फरक पडतो तो खोलीमुळे. राजारामपुरीत आम्ही ज्या खोलीत तालमी करतो ती साडेअकरा फूट लांब आहे. ध्वनीचा वेग धरून हिशेब केला तर तिच्या लांबीत अर्धी लाट बसते ती ४९ हर्ट्झच्या आसपासची, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जीची. तो स्वर वाजवला की भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीत घुमतो, आणि खोलीच्या बरोबर मधोमध बसलेल्या तबलजीला तो जवळपास ऐकूच येत नाही. शेजारचे एफ आणि जी-शार्प दोघांनाही बऱ्यापैकी सारखे ऐकू येतात. दोन वर्षे आम्ही हे माझ्या बोटाचे असमान वजन समजत होतो. शेवटी तबलजीला उठवून भिंतीशी बसवले आणि मी तोच जी पुन्हा वाजवला, तेव्हा उलगडा झाला.

जीशीच निगडित दुसरा त्रास विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तो जी ४९ हर्ट्झचा. पिकअपने (तारेचे कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाने) विजेची गुणगुण पकडली असेल तर लांबवलेल्या त्या स्वरात सेकंदाला एक या गतीने हेलकावा ऐकू येतो; सुट्या जी तारेत ९८ आणि १०० मुळे सेकंदाला दोन. सिंगल-कॉइल पिकअपला हा त्रास जास्त होतो. दोन कॉइल एकमेकींची गुणगुण खोडून काढतील अशा बांधणीचे पिकअप असेल तर बराच कमी. माझ्या आखूड वाद्यावर सिंगल-कॉइलच आहे आणि त्याचा आवाज मला बदलावासा वाटत नाही, म्हणून मी पिकअपची खोबण आतून तांब्याच्या पट्टीने मढवून ती ग्राउंडला जोडून घेतली. त्याने अर्धाअधिक त्रास गेला. ग्राउंडच्या जोडणीतून येणारी गुणगुण असेल तर ती डीआय बॉक्सवरच्या (वाद्य साउंडच्या यंत्रणेला जोडणाऱ्या डबीवरच्या) ग्राउंड-लिफ्टच्या बटणाने बहुधा जाते. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे मात्र कधीही करू नये. एका लॉनवरच्या कार्यक्रमात जनरेटरवरून आलेल्या एक्स्टेंशन बोर्डाला अर्थिंगच नव्हते. तारांवर हात ठेवून मी कोरसच्या मायक्रोफोनजवळ तोंड नेले आणि ओठाला असा झटका बसला की पुढचे दोन तास जीभ बधिर होती. आधुनिक हलक्या अँपच्या वीजपुरवठ्यात गाळणीचे कपॅसिटर असतात आणि अर्थिंग तुटले की त्यांच्यातून गळणाऱ्या थोड्याशा विजेने अँपचे धातूचे अंग, आणि त्याबरोबर आपल्या तारा, झिणझिण्या देऊ लागतात. बोर्डात खरा दोष असेल तर प्रकरण झिणझिण्यांवर थांबत नाही. तेव्हापासून टेस्टर आणि सॉकेट तपासायचा छोटा प्लग माझ्या पिशवीत असतो, आणि त्याने हिरवा दिवा दिल्याशिवाय मी वायर लावत नाही, आयोजक कितीही घाई करोत.

त्याच पिशवीत फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे एक फिलर गेजही आहे, उद्यमनगरात टॅपेट लावायला वापरतात तेच. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली होते की दांडी पुढे वाकते, तार उंच होते आणि मऊ तार आणखी मऊ लागते. पहिला पडदा आणि शेवटचा पडदा दाबून मध्ये ०.३ मिलिमीटरची पट्टी जेमतेम जावी, एवढा बाक मी ठेवतो आणि जून व ऑक्टोबरमध्ये ट्रस-रॉड (दांडीच्या आतली बाक जुळवायची सळई) पाव फेऱ्याने इकडे-तिकडे करतो. आखूड दांडी कमी हलेल असे मला वाटले होते. माझी तरी हलते.

सर्वांत अवघड हिशेब डग्ग्याचा. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचा तळ एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि लांब वाद्य फुगवून वाजवत होतो त्या काळात आमचे तबलजी माझ्या कॅबिनेटकडे पाठ करून बसत. डग्ग्याची मींड स्वतःलाच ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार मी तेव्हा मनावर घेतली नाही. आता समेवर ते डग्गा दाबून वर नेतात तेव्हा मी स्वर आधीच सोडलेला असतो, आणि स्पंजमुळे तो सुटतोही चटकन. गेल्या महिन्यात शाहू स्मारक भवनातल्या कार्यक्रमाआधी मांडणी चालली होती. मी कॅबिनेट नेहमीप्रमाणे पेटीच्या मागे ठेवत होतो. तबलजी हातोडीने मेख ठोकता ठोकता वर न बघता म्हणाले, "तिकडं कशाला? हिकडं माझ्या डग्ग्याजवळ आणून ठेवा." स्टूल उचलून मी तिकडे नेले. आता ते तिथेच असते.